उभ्याने खाल्लेलं

२ मार्च, सोमवार

आजपासून पुन्हा सुरुवात. 'पुन्हा' हा शब्द लिहितानाच डोकं फिरलं. पण आहारबाईंनी बजावलंय, खाल्लेलं तक्त्यात लिहा आणि मनातला राग वहीत काढा, माणसांवर काढू नका. आहारबाई म्हणजे हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ. वय तिशीचं, कंबर माझ्या दंडाएवढी. तिने मला भुकेवर शिकवायचं म्हणजे टकल्याने कंगवे विकायचे.

गेल्या वर्षी सहा महिन्यांत मी सत्याऐंशी किलोवरून ब्याऐंशीवर आले होते. जिभेला कुलूप घालून आले होते. मग जानेवारीत ढब्ब्याच्या फुप्फुसात पाणी झालं. तो आत खाटेवर, मी बाहेर बाकावर, आणि बाकासमोर नाणं टाकलं की चॉकलेट देणारं ते मेलं मशीन. त्यानंतरही तोंड थांबलं नाही. ये रे माझ्या मागल्या. आज काटा म्हणाला, सत्याऐंशी.

मला बारीक होऊन कुठे मिरवायचं नाहीये. ढब्ब्या माझा धाकटा भाऊ. लहानपणी गोलमटोल होता म्हणून ढब्ब्या, आता नुसती हाडं राहिलीत तरी ढब्ब्याच. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्याला डायलिसिसच्या मशीनला लावतात, आणि त्यासाठी हातात बसवलेली नळी दोनदा बंद पडून झालीय. भावजयीचा रक्तगट जुळत नाही. माझं सगळं जुळतं. मी किडनी द्यायला तयार आहे, पण ऐंशीच्या आत आल्याशिवाय माझ्या अंगाला सुरी लावणार नाहीत.

"महिनाअखेर काटा खाली सरकलेला दिसला पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "निदान तीन किलो. नाहीतर तुमचं नाव वगळावं लागेल, बाई."

तिऱ्हाईताची किडनी मिळायची तर यादीत पाच-सहा वर्षं ताटकळायचं. ढब्ब्याकडे तेवढी वर्षं नाहीत. हे कुणी बोलत नाही, म्हणून मी लिहून ठेवते.

४ मार्च, बुधवार

सकाळी उकडलेलं अंडं नि काकडी. दुपारी कोबी नि दही. रात्री भावजयीने पाठवलेलं भाज्यांचं सूप. तक्त्यात अक्षरन् अक्षर खरं लिहिलंय. खोटं लिहायला मी काय शाळकरी पोर आहे?

बेकरीत राहून हे करायचं म्हणजे काय, ते आहारबाईंना कळायचं नाही. पहाटे शटर उघडलं की दिवसभर नाकात लोणी. बाकी कामाचं काही नाही, हात चालतात. पण फेब्रुवारीपासून चाखायचं कामही माझ्या गळ्यात पडलंय.

आमच्याकडे बाबांनी घालून दिलेली रीत आहे. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक खेपेतला पहिला नग घरच्या माणसाने खायचा, मगच माल दुकानात. लोणी लावून खायचा, उभ्याने खायचा, आणि गिळायचा. थुंकणाऱ्याला पाव कळत नाही, असं बाबा म्हणायचे. आणि उभ्याने खाल्लेलं अंगाला लागत नाही, असंही म्हणायचे. स्वतः शेवटपर्यंत काडीसारखे होते, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. ते गेल्यावर चाखायचा मान ढब्ब्याचा. घरात जीभ त्याचीच. चिमूटभर मीठ कमी पडलं तरी त्याच्या भुवया वर जायच्या.

पण हॉस्पिटलातून आल्यापासून म्हणतो, "ताई, तोंडात खिळा ठेवल्यासारखं लागतं. पाव काय, पुठ्ठा काय, सारखंच. आता तूच चाख."

चाखते. इलाज काय? आमच्या धंद्यात चाखणं म्हणजे खाणं नव्हे, ते काम आहे. गवंडी विटा मोजतो, त्या काय घरी नेतो?

७ मार्च, शनिवार

काटा ढिम्म हलला नाही. अर्धपोटी राहून, कोबी चघळून चघळून माझा जबडा दुखायला लागला आणि हा काटा तिथल्या तिथे! मशीनच बिघडलंय. दुसऱ्या काट्यावर उभी राहिले, तिकडेही तेच. म्हणजे दोघांनी संगनमत केलंय.

त्यात माझं स्टूल गायब. भट्टीसमोरच्या टेबलाशी मी त्या स्टुलावर बसून वीस वर्षं केकवर नक्षी काढतेय. ढब्ब्या म्हणाला, "पाय डुगडुगत होता, सुताराकडे दिलंय."

"मला विचारून द्यायचंस! आता दिवसभर उभी राहू?"

"थोडे दिवस, ताई. उभं राहिलं की वजन उतरतं म्हणतात."

याला बरी काळजी. टाचांची आग आग होतेय.

१२ मार्च, गुरुवार

आज ढब्ब्याला चांगला झापला. मशीनवरून परत आला, जेवायला बसला आणि पहिल्याच घासाला भावजयीवर खेकसला. "सुपात मीठ टाकलंस? मला मीठ बंद आहे ना? मारायचंय का मला?" ती बिचारी म्हणे, अगदी कणभरच टाकलं होतं, अळणी खाऊन खाऊन तुम्ही ताट बाजूला सारता म्हणून. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. सकाळी दुसऱ्यांच्या मुलांना शाळेत शिकवते, दुपारी याला मशीनला नेते, संध्याकाळी दोन घरचे डबे करते, आणि वर हे ऐकून घ्यायचं.

"आजारी आहेस म्हणून जीभ सैल सोडायचा परवाना नाही मिळालेला," मी म्हटलं. "तिच्याशी नीट बोलायचं."

मान खाली घालून सूप बाजूला सारलं. मग मला म्हणतो, "ताई, उद्या तीन थरांचा मोठा केक आहे. वरचा फुगवटा कापून तुझ्या टेबलावर ठेवीन. मऊ झालाय का सांग."

राग येतो आणि कीवही येते. पण आज राग जास्त आला.

१६ मार्च, सोमवार

वाढलं! अर्धा किलो वाढलं! उपाशी राहून वाढणारी जगातली मी पहिली बाई असेन.

आहारबाईंनी तक्ता डोळ्यांसमोर धरला आणि पोलिसासारखी उलटतपासणी घेतली.

"चहात साखर?"

"नाही."

"रात्री उठून काही?"

"नाही."

"येता-जाता तोंडात टाकता का काही?"

तळपायाची आग मस्तकात गेली. "बाई, मी बेकरी चालवते. येता-जाता तोंडात टाकत बसले तर विकू काय?"

त्यांनी थायरॉईड तपासायला सांगितलं. तपासा. थायरॉईड, हाडं, कवटी, सगळं तपासा, पण मला खोटारडी म्हणू नका.

घरी येताना डोक्यात किडा वळवळला. सूप. रोज रात्रीचं सूप मी बनवत नाही, भावजय बनवते. सरळ तिच्या दारात गेले आणि विचारलं, त्यात लोणी घालतेस का? साय घालतेस का?

ती माझ्याकडे बघतच राहिली. "ताई, तुमच्या सुपात लोणी घालून मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेऊ? तुमचं वजन उतरावं म्हणून मी रोज दिवस मोजत झोपते." मग हळूच दार लावून घेतलं. तोंडावर आपटलं नाही, आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

शरमेने मेले. पण मग कोण? भुताने का माझ्या अन्नात माती कालवली?

२० मार्च, शुक्रवार

ढब्ब्याला या आठवड्यात नवनव्या कल्पनांची उबळ आलीय. बदामाचा केक, दुहेरी चॉकलेटचा केक, लिंबाच्या क्रीमची बिस्किटं. सगळ्यांचे नमुने माझ्या टेबलावर. "ताई, एकच घास. क्रीम जड झालंय का बघ. बाजूने बघ, मधून बघ. थंड झाल्यावर परत बघ."

"नवीन माल काढायची ही वेळ आहे का रे?"

"माझ्यामागे दुकानात काहीतरी राहायला हवं ना," म्हणाला. मग लगेच, "तुझ्या जिभेवर चाललंय, ताई, सगळं. तू नसशील तर ही भट्टी विझली म्हण."

असं बोलला की माझं काय चालणार? चाखलं. केक उत्तम झालेत, हे मात्र खरं. आजारपणात याचा हात आणखी बसलाय.

दुपारी पिठाची पोती रचताना अचानक विचारतो, "भूल दिल्यावर माणसाला बाहेरचं ऐकू येतं का गं?"

"मला काय माहीत? मी काय रोज भूल घेते?"

"आईला ऐकू आलं असेल का?"

मी त्याला तिथेच तोडलं. असले विषय कामाच्या वेळी नकोत. आई गेली तेव्हा हा सात वर्षांचा, मी अठराची. पित्ताशयाचं किरकोळ ऑपरेशन आहे, दोन दिवसांत घरी येते, असं सांगून गेली होती. दोन दिवसांनी हा पोरगा सकाळपासून बूट घालून दाराशी उभा, आणायला जायचं म्हणून. त्याचे बूट रात्री मी काढले. तो झोपेत होता.

हे का लिहिलं मी? आहारबाईंनी राग लिहायला सांगितलाय. तर, बदामाचे भाव गगनाला भिडलेत आणि हा ओंजळीने ओततोय, याचा मला राग आलाय.

२५ मार्च, बुधवार

थायरॉईड ठणठणीत. काटा तिथेच. म्हणजे दोष माझाच, पण कुठला ते कुणी सांगेना.

आज एका गिऱ्हाइकाने विचारलं, "कमी गोड काही आहे का, डाएट करतेय." मी तिला म्हटलं, मग बेकरीत काय करताय? गेली बिचारी. ढब्ब्या हसला. त्याच्या हसण्याचाही राग आला.

सहा दिवस उरलेत.

२७ मार्च, शुक्रवार

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

पहाटे पीठ मळताना माझं लक्ष नव्हतं. मंगळवारचा काटा डोळ्यांसमोर. पावाच्या पिठात मीठ टाकायला विसरले. वीस-बावीस वर्षांत हे पहिल्यांदा. बेकरीवाल्याने मीठ विसरणं म्हणजे शिंप्याने बाही विसरण्यासारखं. आणि बिनमिठाचं पीठ फुगतं मात्र झकास, त्यामुळे मळताना, भाजताना मला पत्ता लागला नाही. ट्रे भट्टीतून काढले आणि मी मागच्या कोठीत पोतं आणायला गेले.

परत येताना दारातच थांबले. ढब्ब्या ट्रेपाशी होता, पाठमोरा. पाव फिके दिसले असतील त्याला. त्याने एका पावाचा कोपरा तोडला, तोंडात टाकला, दोनदा चावला. मग लगेच तोंड वाकडं करून "अळणी" म्हणाला, स्वतःशीच, आणि अख्खा ट्रे टाकाऊ मालाच्या पोत्यात उलटा केला. मग दुसरा.

मी म्हटलं, "काय झालं?"

दचकला. "रंग बघ ना. मीठ राहिलंय, रंगावरून कळतं."

"रंग चावून बघतात का?"

तो पोत्याचं तोंड बांधायला लागला.

"ढब्ब्या, तुझ्या तोंडात खिळा आहे ना? पाव नि पुठ्ठा सारखाच ना? मग अळणी कसं कळलं?"

आणि तिथे उभ्या उभ्या माझ्या डोक्यात एकेक भांडं आपटायला लागलं. सुपातलं कणभर मीठ. बदामाचा केक. कापून ठेवलेले फुगवटे. एकच घास, थंड झाल्यावर परत बघ. स्टूल.

"कधीपासून कळते चव?"

"हॉस्पिटलातून आल्यावर थोडे दिवस खरंच कळत नव्हती. औषध बदललं तशी परत आली."

"आणि मी दोन महिने काय झक मारली? अंडं-काकडी खाऊन वर तुझं लोणी चाटत होते मी! तुझ्या बायकोच्या दारात जाऊन तिला चोर ठरवून आले मी! आपलाच गळा कापून घेतोयस, अक्कल आहे का?"

"आहे," म्हणाला. अगदी हळू. "तुझं वजन उतरलं नाही तर डॉक्टरच नाही म्हणतील. मला म्हणावं लागणार नाही."

"मग सरळ म्हणायचं होतंस, नको म्हणून!"

"तू ऐकलं असतंस? आईला मी सरळ म्हटलं होतं, जाऊ नको. ती म्हणाली, किरकोळ आहे रे."

"मी आई नाहीये!"

"तेच ना. आई गेली तेव्हा तू होतीस, ताई. तू गेलीस तर कोण आहे?"

मी पोत्यातला पाव उचलून त्याला फेकून मारला. मग आणखी एक. ताजा पाव, मऊ, लागला कुठे? लागावा अशी माझी फार इच्छा होती. "आणि तू गेलास तर मला कोण आहे, याचा विचार केलास? तुला भीती वाटते म्हणून निर्णयही तूच घेणार? माझं पोट, माझी किडनी, आणि मलाच ठाऊक नाही! मी काय भरायचं पोतं आहे?"

तो वाकून खालचे पाव गोळा करत बसला. दुकान उघडायची वेळ झाली. आज पाव नाहीत, असं लिहून दारावर लावलं.

२९ मार्च, रविवार

दोन दिवस त्याच्याशी बोललेले नाही. भावजयीची माफी मागितली, कारण नाही सांगितलं. तिच्या नवऱ्याने ते स्वतःच्या तोंडाने सांगावं.

काल एक गोष्ट केली. दिवसभरात भट्टीपाशी उभ्याने जे जे माझ्या तोंडात गेलं असतं, ते सगळं लोण्यासकट एका ट्रेमध्ये ठेवत गेले. संध्याकाळी ट्रे भरला. बघून मलाच ढेकर आली. दोन माणसं जेवली असती.

उभ्याने खाल्लेलं अंगाला लागत नाही म्हणे! ते मी खाण्यात धरत नाही हे ओळखूनच ढब्ब्याने स्टूल पळवलं. बाबा रोज सायकलवरून गावभर पाव पोचवायचे, म्हणून त्यांच्या अंगाला लागत नव्हतं. हे मला चोपन्नाव्या वर्षी सुचावं? त्यांचाही राग आला. मेलेल्या माणसाचा राग करून उपयोग नाही, तरी केला. आहारबाईंनी नेमका प्रश्न विचारला होता आणि मी त्यांच्या अंगावर धावून गेले होते. ढब्ब्याने पुढ्यात ठेवलं, पण तोंड तर माझंच होतं.

पण दोन दिवसांत काय होणार? वरातीमागून घोडं.

३१ मार्च, मंगळवार

काटा, सत्याऐंशी. आहारबाईंनी फक्त आकडा लिहिला. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर चाललं असतं.

डॉक्टरांच्या खोलीत आम्ही तिघं. मी, भावजय, आणि मशीनला जायच्या आधी ढब्ब्या. डॉक्टरांनी चष्मा काढला. चष्मा काढला की वाईट बातमी, हे एव्हाना कळलंय. "बाई, तुम्ही प्रयत्न केलेत, पण माझा नाइलाज आहे. या वजनाला धोका तुम्हाला आहे. मी तुमचं नाव—"

"तिने काही नाही केलं," ढब्ब्या म्हणाला.

मला वाटलं, झालं, आता हा माझ्यावर ढकलणार. मुठी वळल्या माझ्या.

"ती पथ्य पाळत होती. मी तिला भरवत होतो. चव कळत नाही असं खोटं सांगून रोज केक, लोणी, सगळं. तिचं नाव निघावं म्हणून."

भावजयीच्या हातातली पिशवी खाली पडली. तिने ती उचलली नाही.

"का?" डॉक्टरांनी विचारलं.

"भीती वाटत होती."

"आता वाटत नाही?"

"वाटते," म्हणाला. त्याचे हात मांडीवर होते, नळीवाला हात वर. "पण तिला विचारल्याशिवाय मी तिच्या वतीने घाबरत होतो. एक महिना द्या. आता मी चाखीन. आमच्या दुकानात एकाच वेळी दोघं चाखत नाहीत."

डॉक्टरांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. त्यांनी शस्त्रक्रियेत काय काय होऊ शकतं, काय सहसा होत नाही, ते आम्हा दोघांना पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी ढब्ब्याने प्रश्न विचारले. भुलीचा विचारला, आईचाही विचारला. मग डॉक्टर म्हणाले, एप्रिलअखेर. एक दिवसही पुढे नाही.

बाहेर आल्यावर भावजय त्याच्या पुढे पुढे तरातरा चालत गेली. त्याला मशीनला लावल्यावर तिने पांघरूण नीट केलं, आणि मग त्याच पांघरुणावरून त्याच्या पायाला अशी जोरात चापट मारली की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा जागा झाला. मला बरं वाटलं. माझ्या वाटची एक तिने मारली.

माझा राग मात्र गेलेला नाही. तो एका चापटीत जाण्याएवढा स्वस्त नाही.

१ एप्रिल, बुधवार

पहाटे शटर उघडलं तर ढब्ब्या माझ्याआधी आत. मीठ मोजून वाटीत काढून ठेवलेलं. टेबलाशी माझं स्टूल. मी हाताने हलवून बघितलं. चारही पाय घट्ट, नवा खिळा एकही नाही. सुतार कसला नि काय कसलं, कोठीतल्या रिकाम्या पोत्यांमागे दडवलं होतं, वर पिठाचा थर बसलाय. पुसायचंही सुचलं नाही गाढवाला.

पहिली खेप निघाली. मी सवयीने हात पुढे केला. त्याने ट्रे माझ्यापासून लांब ओढला, एक कोपरा तोडला, लोण्याशिवाय तोंडात टाकला, डोळे मिटून चावला. "ठीक आहे. जाऊ दे दुकानात."

मी बोलले नाही. अजून बोलायचं नाही असं ठरवलंय.

थोड्या वेळाने त्याने एक बशी आणून टेबलावर ठेवली. उकडलेलं अंडं, काकडीच्या चकत्या, आणि त्याच पावाचा एक पातळ काप. कोरडा. आहारबाईंच्या तक्त्यात सकाळी एक काप चालतो, ते त्याने बघून ठेवलं असणार. मी उभ्यानेच काप उचलला आणि तोंडाशी नेला.

त्याने माझं मनगट धरलं. नळीवाल्या हाताने. नळीतल्या रक्ताच्या जोराने मशीनसारखा बारीक थरथरतो तो हात, आतून.

"ताई," म्हणाला, "बसून खा."

बसले. आणि काप खाऊन झाल्यावर तक्त्यात लिहिला.